कोडम सर आणि सात वेळा दिसलेला मेंढा

कोडम सर सिनेमाला गेले की ट्रेलर बघून घरी परत येत. कुणाला खोटं वाटेल, म्हणून सांगते की मला हे त्यांच्या पत्नीनं, भारतीवहिनींनी, स्वतः सांगितलं. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा थिएटरात गेली. मुख्य सिनेमाच्या आधी तीन येणाऱ्या सिनेमांचे ट्रेलर दाखवले. ते संपले तसे सर उठले आणि म्हणाले, "चला." वहिनींना वाटलं, ह्यांना बरं वाटत नसावं. रिक्षात बसल्यावर सरांनी खुलासा केला, "तीन गोष्टी झाल्या की. अजून किती बघायच्या?"

वहिनी पुढं आपल्या जावेबरोबर सिनेमाला जाऊ लागल्या. सरांना त्याचं काही वाटलं नाही. ट्रेलरमध्ये गोष्टीची हाडं असतात आणि सिनेमात नुसतं वरचं मांस, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी कधीच बदललं नाही.

मी सोलापुरातल्या एका जुन्या कॉलेजात भूगोल शिकवत होते. कोडम सर मराठीचे. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी. त्यांच्या घरात तेलुगू बोलत, वडील शहराच्या पूर्व भागात मागावर चादरी विणत आणि सर मात्र असं मराठी बोलत की आम्ही पुण्यामुंबईकडून आलेली मंडळी त्यांच्यासमोर वाक्य जपून पूर्ण करायचो. पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली, अगदी एप्रिलातसुद्धा. खडू कॉलेजचा वापरत नसत. स्वतःचे खडू चष्म्याच्या घरात घालून आणत. त्यामुळं चष्मा खिशात सुटा राही आणि काचांना कायम कसले तरी ओरखडे.

त्यांना एकच गोष्ट सहन होत नसे. कुणी हकिकत मधूनच सुरू केलेली. बसण्णा आमचा शिपाई, अक्कलकोटकडचा. तो एकदा दारातून म्हणाला, "सर, पाणी संपलं." सर पेपर तपासत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आधी काय होतं?"

बसण्णा गोंधळला. "आधी? आधी पाणी होतं की."

"किती होतं? कुठं होतं? सगळं नीट चाललं होतं का?"

"व्हय. टाकी भरलेली हुती सकाळी."

"बरं. मग काय बिघडलं?"

"नळ उघडा ऱ्हायला पोरींच्या बाथरूमचा."

"कुणाच्या लक्षात आलं?"

"माझ्या."

"मग तू काय केलंस?"

"नळ बंद केला आन् तुमाला सांगायला आलो."

"आता ही गोष्ट झाली," सर म्हणाले आणि पुन्हा पेपर तपासू लागले. पाण्याचं पुढं काय करायचं ते दोघांपैकी कुणीच बोललं नाही. मी उठून टँकरला फोन केला.

"आधी घडी बसलेली दाखवा, मग विस्कटा," हे त्यांचं वाक्य. वर्गात, स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, कुठंही ते ऐकू येई. एका मुलीनं रजेच्या अर्जात लिहिलं होतं, 'आजोबा वारल्यामुळे चार दिवस उपस्थित राहू शकले नाही.' सर विभागप्रमुख. त्यांनी अर्ज परत पाठवला, खाली लाल शाईत लिहून : 'आजोबा आधी कसे होते?' मी म्हटलं, "सर, हे बरं दिसत नाही." ते म्हणाले, "मॅडम, तिनं नुसती विस्कटलेली बाजू दिली आहे." दुसऱ्या दिवशी ती मुलगी दीड पान लिहून घेऊन आली. आजोबा दुपारी बाजेवर पडून रेडिओवरच्या बातम्यांना उत्तरं द्यायचे, शेंगा सोलून नातवंडांच्या खिशात भरायचे, असं पुष्कळ काही. सरांनी उभ्यानं सगळं वाचलं, चष्मा पुसला आणि रजा मंजूर केली. ती मुलगी रडली, पण नंतर मला म्हणाली की घरात चार दिवसांत तिला आजोबांबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं.

अशा माणसाच्या हातात विद्यापीठानं नव्या अभ्यासक्रमात एक पेपर दिला. 'कथनशास्त्र आणि दृश्यमाध्यम'. आम्ही सगळे हसलो. सर हसले नाहीत. ते उन्हाळ्याची सुट्टी संपायच्या आत ग्रंथालयातली आणि भाच्याकडून मागवलेली पुस्तकं वाचून आले आणि जून महिन्यात मला म्हणाले, "मॅडम, मी आयुष्यभर जे बोलत होतो, ते शास्त्र आहे. मला कुणी सांगितलंच नाही."

त्यांनी माझ्याकडून नकाशे टांगायचा लाकडी स्टँड नेला आणि त्यावर स्वतः काढलेला तक्ता लावला. गोष्टीच्या पाच पायऱ्या : घडी, मोड, जाणीव, दुरुस्ती, नवी घडी. त्याखाली गोष्टीतली माणसं. नायक. त्याला कामगिरीवर धाडणारा. वाटेत त्याला उपयोगी वस्तू देणारा दाता. मदतनीस. खलनायक. आणि तोतया, म्हणजे जो नायकासारखा दिसतो पण नसतो. जगातली कुठलीही गोष्ट घ्या, तिच्यात हीच माणसं आलटून पालटून येतात, असं ते म्हणत. शेवटी एक नियम मोठ्या अक्षरात : 'गोष्टीबाहेरचा पुरावा गोष्टीत आणू नये.' म्हणजे लेखकाच्या मनात काय होतं, खरं काय घडलं होतं, हे काही विचारायचं नाही. समोर जे दिसतं तेवढंच. या तक्त्यामुळं मला वर्षभर भारताची नैसर्गिक रचना फळ्यावर हातानं काढावी लागली.

प्रकल्प म्हणून मुलांनी दोन मिनिटांचा ट्रेलर बनवायचा होता. सिनेमा बनवायचा नव्हता, नुसता ट्रेलर. अख्ख्या विद्यापीठात ही कल्पना एकट्या कोडम सरांनाच पटली असेल. वर्गात तिघंच होते. सानिया, जिचा मामा सलीमभाई शहरात पाण्याचे व्हॉल्व्ह उघडायचं काम करायचा. महादेव, मंगळवेढ्याकडच्या धनगराघरचा, ज्याच्या वडिलांनी बजावलं होतं की यंदा अडकलास तर कॉलेज बास, मेंढरामागं चल. आणि पूर्व भागातली एक अबोल मुलगी, सुजाता, जिच्या भावाकडं चांगला कॅमेरा असलेला फोन होता.

सोलापुरात पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं आणि कुठल्या गल्लीत किती वाजता ते चावीवाला ठरवतो, असं लोक समजतात. तो बिचारा वरून आलेल्या वेळापत्रकाप्रमाणं चावी फिरवतो. तर या तिघांनी ट्रेलर बनवला, नाव 'चावीवाला'. सलीमभाईलाच त्यात उभं केलं.

सुरुवातीला रिकामी गल्ली. दाराशी घागरींची रांग. मग खांद्यावर लांब लोखंडी चावी घेऊन पाठमोरा सलीमभाई संथ गतीनं चालत येतो. मागून सानियाचा आवाज, जाड करून : "त्याच्या हातात चावी आहे. पण कुणाच्या नशिबाची?" खिडक्यांतून बायका बघतात. एक मुलगी धावते, का ते कळत नाही. गल्लीतून एक मेंढा जातो. शेवटी सलीमभाई वळतो, थेट कॅमेऱ्यात बघतो आणि म्हणतो, "आज नाही." मग अंधार, आणि 'लवकरच'.

आम्हा सगळ्यांना स्टाफरूममध्ये तो दाखवला. टाळ्या झाल्या. सरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते म्हणाले, "मी अभ्यास करून सांगतो," आणि फोन घेऊन ग्रंथालयात जाऊन बसले. दोन मिनिटं दहा सेकंदांच्या त्या ट्रेलरचा त्यांनी आठ दिवस अभ्यास केला. नवव्या दिवशी वर्गात मलाही बोलावलं, कारण स्टँड माझा होता.

"सलीमभाई चार वेळा दिसतात," सर म्हणाले. "धावणारी मुलगी दोन वेळा. मेंढा सात वेळा. गल्लीत येतो, थांबतो, वळतो, जमीन चाटतो, मागं बघतो, पुढं जातो, दिसेनासा होतो. संपूर्ण कृतीत घरातून निघून, शोध घेऊन, निघून जाणारा तो एकटाच आहे. तेव्हा नायक मेंढा आहे."

महादेव उभा राहिला. "सर, त्यो आमचा धुळ्या हाय. येकदाच घ्यायचा हुता. गल्लीत सोडल्यावर त्यो आपआप मदी मदी आला. आमी कापला न्हाय कारण लई झ्याक दिसत हुता."

"तुम्हाला काय करायचं होतं याला शास्त्रात किंमत नाही," सर शांतपणे म्हणाले. "तो आला आणि तुम्ही ठेवला. संपलं."

"मग मामू कोण?" सानियानं विचारलं.

"ते मी अजून ठरवलेलं नाही. घाई करू नका."

घाई मात्र गल्लीनं केली. सुजाताच्या भावानं ट्रेलर कुठल्याशा ग्रुपवर टाकला आणि तो दोन दिवसांत अख्ख्या भागात फिरला. लोकांनी सलीमभाईला खलनायक ठरवून टाकलं. तो सायकलवरून आला की पोरं ओरडत, "आज नाही, आज नाही." ज्या दारांत त्याला वीस वर्षं चहा मिळत होता, त्या दारांनी तोंड फिरवलं. आणि मग कुणीतरी अर्ज लिहिला, की हा चावीवाला मुद्दाम पाणी अडवतो, स्वतः कॅमेऱ्यासमोर कबूल करतो, तरी याला काढून टाका. अर्जावर सह्या गोळा व्हायला लागल्या. सलीमभाई रोजंदारीवर. त्याला काढायला एक कागद पुरला असता.

सानिया स्टाफरूममध्ये आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. "सर, मामूला लोकं लई बोलायलेत. मामी दोन दिवस जेवली नाही. मी ट्रेलर पुसून टाकते. मला मार्क नकोत."

मला वाटलं, आता तरी सर तक्ता बाजूला ठेवतील. त्यांनी तिला बसायला सांगितलं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं, आणि म्हणाले, "पुसून काय होणार? तो आता सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. लोकांनी भूमिका चुकीची लावली आहे. ती दुरुस्त करू."

"कशी, सर?"

"जाऊन सांगू."

"कुणाला?"

"लोकांना. गल्लीत पाणी कधी येतं?"

पाणी गुरुवारी सकाळी सात वाजता येणार होतं. मी साडेसहाला तिथं पोचले, कारण सरांनी नकाशाच्या स्टँडची जबाबदारी माझ्यावर टाकली होती. सर आधीच आले होते. पांढरा शर्ट, मनगटाला बटणं. गल्लीच्या मध्यावर, घागरींच्या रांगेशेजारी, त्यांनी स्टँड उभा करून घेतला आणि तक्ता टांगला. खाली ट्रेलरमधली चित्रं छापून चिकटवली होती, त्यांतली सात मेंढ्याची. पन्नासेक बायका पाण्याची वाट बघत उभ्या होत्या. सलीमभाई कोपऱ्यावर चावी घेऊन, मान खाली घालून.

"भगिनींनो," सर म्हणाले, "आपण सर्वांनी 'चावीवाला' पाहिला आहे. त्याचा अर्थ लावताना आपल्याकडून एक चूक झाली आहे."

कुणी हसलं नाही. पाणी येईपर्यंत तसंही दुसरं काही करायचं नव्हतं. सरांनी पट्टी घेऊन पाचही पायऱ्या समजावल्या. मग माणसं. दाता म्हणजे काय हे सांगताना ते म्हणाले, "दाता हा सहजासहजी देत नाही. तो नायकाची परीक्षा घेतो, थांबवतो, कधी नाहीसुद्धा म्हणतो. पण अखेर वस्तू त्याच्याच हातून मिळते. इथं वस्तू कोणती? पाणी. कुणाच्या हातून? सलीमभाईंच्या. तेव्हा ते खलनायक नाहीत. ते दाता आहेत."

उंबऱ्यावर बसून विड्या वळणारी एक म्हातारी होती, नरसूबाई. मांडीवर सूप, हात एकसारखे चालू. तिनं मान वर न करता विचारलं, "दाता हाय तर मागच्या बुधवारी का न्हाय दिलं?"

"ते गोष्टीबाहेरचं आहे," सर म्हणाले.

"आमी गोष्टीभाहीरच ऱ्हातो की सर."

सर म्हणाले, "तुमचं म्हणणं मी लिहून घेतो," आणि खरोखर वहीत लिहून घेतलं.

"बरं," नरसूबाई म्हणाली, "ह्यो नाय, तर मग खलनायक कोण? कुणीतरी असंल की. असल्याशिवाय पाणी कमी कसं यील?"

"तो अजून पडद्यावर आलेला नाही. हा ट्रेलर आहे. नायक त्याच्या शोधात आहे."

"नायक कोण?"

सरांनी पट्टी मेंढ्यावर ठेवली.

तेव्हाही कुणी हसलं नाही. बायका पुढं सरकल्या. सर प्रत्येक चित्र समजावत गेले. पहिल्या चित्रात नायक येतो. दुसऱ्यात थांबतो. तिसऱ्यात दिशा बदलतो. चौथ्यावर नरसूबाईच्या विड्या वळणाऱ्या बोटांनी पहिल्यांदा विसावा घेतला. तिनं चष्मा लावून वाकून बघितलं. "ह्यो काय चाटायलाय?"

"नायकाला काहीतरी खूण सापडली आहे," सर म्हणाले.

सलीमभाई इतका वेळ कोपऱ्यात होता. तो हळूच जवळ आला. "देखने दो जरा." त्यानं चित्राला नाक लावलं. "ये दुसरी गल्ली की भिंत है ना? शूटिंग बुधवारी झालं. पाणी शनिवारी आलतं. चार दिन के बाद ये जगा गीली कैसी?"

सगळे दुसऱ्या गल्लीकडं निघाले. पुढं सलीमभाई, मागं घागरींसकट बायका, मग महादेव, सानिया आणि सुजाता, आणि शेवटी तक्ता गुंडाळत मी. भिंतीच्या मुळाशी फरशीच्या फटीतून हिरवं गवत उगवलं होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर सोलापुरात गवत कुठं दिसत नाही. सलीमभाईनं चावीचं टोक खुपसलं, तर ते वीतभर सहज आत गेलं आणि बुळबुळीत चिखल घेऊन वर आलं.

दोन दिवसांनी खणायला माणसं आली. जुनी पाईप, कुणाच्या आजोबांच्या वेळची, खालून चिरली होती. निम्मं पाणी वर्षानुवर्षं जमिनीत जात होतं. ती बदलली आणि पुढच्या खेपेला नरसूबाईची घागर नेहमीच्या निम्म्या वेळात भरली. अर्ज तिनंच फाडला आणि तो कागद विड्या बांधायला घेतला. सलीमभाईला सात दारांतून चहा आला. त्यानं तो सातही ठिकाणी प्यायला आणि त्या रात्री त्याला झोप लागली नाही, असं सानिया म्हणाली. सरांना भेटायला तो कॉलेजवर आला. सर त्याला म्हणाले की तुम्ही दाता आहात हे आता सिद्ध झालं. सलीमभाई हात जोडून म्हणाला, "सर, मेरे को दाता वगैरा कुछ नक्को. नुसतं सलीम म्हना. लोकं परत काहीतरी मागायला लागतील."

आम्हा सगळ्यांना पाईपचं अप्रूप. सरांना नाही. मी म्हटलं, "सर, कमाल झाली हो." ते म्हणाले, "कसली? नायकानं नायकाचं काम केलं." आणि खडूंचं घर उघडून वर्गावर गेले.

एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा झाली. बाहेरून परीक्षक आले, डॉक्टर देशमाने. घामानं बेजार, परतीच्या गाडीवर लक्ष. पेपर पहिल्यांदाच शिकवला होता आणि प्राचार्यांनी सरांना सांगितलं होतं की तिघंच विद्यार्थी, त्यांतले नापास झाले तर हा विषय इथंच बंद. महादेवचे वडील गेटबाहेर लिंबाखाली बसून होते. निकाल काय तो ऐकून पोराला सोबत न्यायचं की ठेवायचं ते ठरवणार होते. मी त्या खोलीत होते, कारण स्टँड परत न्यायला आले होते.

देशमान्यांनी ट्रेलर बघितला. "सिनेमा कुठं आहे?"

"सिनेमा नाही," सर म्हणाले.

"मग ही जाहिरात कशाची?"

"अपेक्षेची."

देशमान्यांनी नाकावरचा घाम पुसला. "बरं. हा मेंढा पुन्हा पुन्हा का येतो? साधं संकलन जमलेलं नाही. नको ते ठेवलंय. काहीही संबंध नसलेला प्राणी सात वेळा. ही गंभीर चूक आहे. कोण सांगतं, मेंढ्याचं प्रयोजन काय?"

तिघांनी सरांकडं बघितलं. मीही बघितलं. उत्तर अगदी सोपं होतं. या मेंढ्यानं पाईप शोधली, एवढं एक वाक्य. पण ते गोष्टीबाहेरचं होतं, आणि नियम सरांच्या स्वतःच्या अक्षरात त्यांच्या डोक्यावर टांगलेला होता. महादेवनं तोंड उघडलं, तक्त्याकडं बघितलं आणि मिटलं. सर म्हणाले, "मेंढा नायक आहे." देशमाने म्हणाले, "ते तुम्ही म्हणता. कृतीत दिसत नाही." त्यांनी गुणपत्रिका पुढं ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात बसण्णा चहा घेऊन आला. त्यानं ट्रे ठेवला, पडद्यावर थांबलेला मेंढा बघितला आणि म्हणाला, "आमच्या मेव्हनीकडं पाणी लई जोरात यायलंय आता साहेब."

देशमाने म्हणाले, "काय?"

"ह्येनं पाईप फोडली न्हाय का. म्हंजी पाईप आधीच फुटलेली. ह्येनं चाटली. त्ये सलीमचं नाव अर्जात हुतं, नरसूबाईनं फाडला, त्याच्या आधी सरांनी गल्लीत शिकवलं, म्याडमचा नकाशा घिऊन. आन् गवात हिरवं हुतं."

याच्याइतकी वाईट सांगितलेली हकिकत मी ऐकलेली नाही. शेवट आधी, मधलं शेवटी, घडीचा पत्ता नाही. मी सरांकडं बघत होते. त्यांचा उजवा हात टेबलावर उघडझाप करत होता. एकदा तो वर उठला, मला वाटलं आता ते म्हणणार, 'आधी काय होतं?' पण त्यांनी तो हात डाव्या हातानं धरला आणि टेबलाखाली नेला.

देशमान्यांनी पेन खाली ठेवलं. "थांबा, कुणी काय चाटलं? सलीम कोण?" बसण्णा पुन्हा सांगू लागला, आणखी वाईट. देशमाने प्रश्न विचारत गेले. त्यांचा चहा गार झाला. वीस मिनिटांनी त्यांना सगळं कळलं तेव्हा त्यांनी ट्रेलर पहिल्यापासून लावायला सांगितला, आणि चौथ्या ठिकाणी, मेंढा खाली वाकतो तिथं, खुर्चीत पुढं सरकून म्हणाले, "हा बघा, हा बघा." मग महादेवला विचारलं, "ह्याचं नाव काय?"

"धुळ्या, सर."

तिघंही पास झाले. खूप चांगले नाहीत, पण पास. महादेव गेटकडं पळत गेला. त्याचे वडील उठले, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि पिशवीतून आणलेली ज्वारीची भाकरी त्याच्या हातात देऊन एकटेच एसटी स्टँडकडं गेले.

खोलीत सर, मी आणि बसण्णा उरलो. बसण्णा कप गोळा करत होता. सर त्याला म्हणाले, "बसण्णा, तुझी मांडणी पूर्ण चुकली होती."

"व्हय सर."

"पूर्ण." मग त्यांनी तक्ता स्टँडवरून काढून गुंडाळला आणि विचारलं, "तुझ्या मेव्हणीकडं आधी पाणी कसं यायचं?"

बसण्णानं ट्रे खाली ठेवला आणि सांगायला बसला. मी स्टँड घेऊन निघाले.

तो विषय पुढं दोन वर्षं चालला आणि मुलं आली नाहीत म्हणून बंद पडला. सर त्याच सुमारास निवृत्त झाले. सानिया पुण्यात सिनेमांचे ट्रेलर कापायचं काम करते. सुजाताचं लग्न हैदराबादला झालं. महादेव एम.ए. करून त्यांच्याच तालुक्यात एका हायस्कूलवर मराठी शिकवतो. सर गेल्या पावसाळ्यात गेले. हृदयविकार, घरीच, दुपारचं जेवण झाल्यावर. मला उशिरा कळलं. भारतीवहिनींना भेटायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "काही त्रास नाही झाला हो त्यांना."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या मे महिन्यात, महादेवच्या लग्नात. म्हणजे मी लग्नात नव्हते. बोलावणं होतं, पण त्याच दिवशी मिरजेला बहिणीकडं जाणं भाग होतं आणि माझी एसटी मंगळवेढ्यात शिरली तर समोर वरात. रस्ता गच्च भरलेला. मोठे ढोल, हलगी, पिवळा भंडारा हवेत. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि तो तंबाखू मळायला लागला. भर दुपारचे साडेबारा.

नाचणारी माणसं सगळी अनवाणी होती. त्यांच्या मधोमध कोडम सर होते. पांढरा शर्ट भंडाऱ्यानं पिवळा झालेला, डोक्यावर कुणीतरी बांधलेला गुलाबी फेटा चष्म्यावर घसरलेला. सगळ्यांनी पायताणं काढलेली बघून त्यांनीही काढली असणार. पण ती कुठं ठेवावीत हे न सुचल्यामुळं चपला हातातच होत्या, एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरी. खाली डांबर वितळत होतं. महादेवचे वडील त्यांच्या दंडाला धरून त्यांना पावलं शिकवत होते आणि सर भराभर एक पाय उचलत, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

मी खिडकीतून हाका मारल्या. ढोलापुढं कुणाला ऐकू जाणार. ते नाचत होते की त्यांचे पाय भाजत होते, हे मला कळेना. शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमचे कोण?" मी म्हटलं, "आमचे सर." ती म्हणाली, "चांगले नाचतात."

मग वरात बाजूला झाली आणि बस निघाली.